खाडे गेले कुठे? (डाटाबेस ड्रायव्हरच्या लॉगची ओळख)

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या, आणि सापडल्या नाहीत तर संपादक ताईंची कृपा. त्यांना माझ्याकडून कविता हवी होती. कविता मला येत नाही. पण मागच्या ऑक्टोबरात आपल्या हॉस्टेलवर जो खाड्यांचा गोंधळ झाला, त्यात मी एक गोष्ट शिकले. ती सिलॅबसमध्ये नाही आणि व्हायवालाही कोणी विचारत नाही. म्हणून ती इथे लिहिते. कॉम्प्युटर ब्रँच नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण मेसमध्ये सगळेच जेवतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या मेसचं खाड्यांचं रजिस्टर बंद होऊन दोन वर्षं झाली. मेसच्या दाराजवळ टेबलावर एक जुना पीसी आहे. त्यावर आपला हॉस्टेल नंबर टाकायचा, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत जेवणार नाही ते टाकायचं, कारण लिहायचं आणि 'सेव्ह' दाबायचं. 'आपली नोंद झाली आहे' असं हिरव्या अक्षरात येतं. महिनाअखेर खाडे वजा होऊन बिल निघतं. हा प्रोग्रॅम आधीच्या एका बॅचने मिनी प्रोजेक्ट म्हणून जावामध्ये लिहिला होता. ती बॅच पास होऊन गेली, आणि प्रोग्रॅम सांभाळायचं काम माझ्या रूममेटच्या गळ्यात पडलं. पैसे नाहीत, सर्टिफिकेट नाही, नुसतं 'तुला येतं ना, मग बघ जरा'.

ऑक्टोबरात काय होतं ते वाशीम जिल्ह्यातल्या मुलींना सांगायला नको. सोयाबीन सोंगायला येतं. मजूर मिळत नाहीत, घरून फोन येतो, आणि मुली दोन-तीन दिवसांसाठी म्हणून गावी जातात. तिथे काम संपत नाही, मग मुक्काम वाढतो. महिनाअखेरीस बिलं लागली आणि नोटीस बोर्डासमोर आरडाओरड सुरू झाली. मानोरा तालुक्यातली फर्स्ट इयरची एक मुलगी सात दिवस घरी होती, बिलात खाडे तीनच. रोजचे ऐंशी रुपये धरले तर तीनशे वीस रुपये जास्तीचे. तिने रूमवर येऊन माझ्या रूममेटला सरळ विचारलं, "काहून वं ताई, माह्ये चार खाडे कुठं गेले?" अशा एकूण अकरा जणी निघाल्या.

मेसचे काका म्हणाले, पोरींनी खाडे टाकलेच नसतील. पोरी म्हणाल्या, आम्ही हिरवी अक्षरं डोळ्यांनी पाहिली. दोघांचंही खरं असेल तर खोटं कोण? सगळ्यांच्या नजरा प्रोग्रॅम सांभाळणारीकडे वळल्या. तिचे स्वतःचे खाडे मात्र बरोबर होते, आमच्या रूममधल्या चौघींचेही बरोबर होते. मग काय! 'स्वतःच्या मैत्रिणींचे ठेवते आणि बाकीच्यांचे उडवते' असं दोन दिवसांत सगळ्या मजल्यांवर झालं. रेक्टर मॅडमनी तिच्याकडून पासवर्ड काढून घेतला आणि चौकशी होईपर्यंत प्रोग्रॅमला हात लावायचा नाही असं बजावलं. त्यांचंही चूक नव्हतं म्हणा. जिच्यावर संशय, तिनेच जाऊन कोड बदलून यायचं, हे कोणाला पटलं असतं?

आता अडचण अशी होती. गडबड कुठे आहे ते शोधायचं, पण प्रोग्रॅमला हात न लावता. इथूनच माझा धडा सुरू होतो.

आपण लिहिलेला जावा प्रोग्रॅम डाटाबेसशी थेट बोलत नाही. मध्ये एक ड्रायव्हर असतो. आपल्या मेसचा डाटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल आहे. (फुकट आहे, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या पोस्टग्रेस प्रोजेक्टमधून आला आहे, आणि पुण्यात त्यावर काम करणाऱ्या कंपन्या आहेत, म्हणजे प्लेसमेंटलाही उपयोगी.) त्याचा जावासाठीचा ड्रायव्हर म्हणजे एक जार फाईल असते. प्रोग्रॅम म्हणतो 'हा खाडा टाक'. ड्रायव्हर ते डाटाबेसला समजेल अशा भाषेत बांधून नेटवर्कवरून पाठवतो आणि जे उत्तर येईल ते परत आणतो. पोस्टमन समजा ना. आपण पत्र लिहितो, पण ते पोचलं की नाही आणि पलीकडच्याने काय म्हटलं, हे त्या पोस्टमनलाच पक्कं माहीत असतं.

आणि या पोस्टमनकडे एक वही असते. एरवी ती बंद असते. उघडली तर नेलेलं आणि आणलेलं प्रत्येक पाकीट तो त्यात वेळेसकट लिहून ठेवतो. हीच ड्रायव्हरची लॉगिंग. आमच्या भांडणात तिचं महत्त्व असं, की ही वही ना मेसच्या काकांनी लिहिली होती, ना पोरींनी, ना माझ्या रूममेटने. आणि ती उघडायला प्रोग्रॅमची एकही ओळ बदलावी लागत नाही. एक साधी टेक्स्ट फाईल बाजूला ठेवायची आणि प्रोग्रॅम सुरू करताना तिचा पत्ता द्यायचा, बस. मी रेक्टर मॅडमना हेच सांगितलं. त्यांनी विचारलं, "प्रोग्रॅम तोच राहील ना?" म्हटलं, हो. मॅडम स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "कर माझ्यासमोर."

जावामध्ये लॉगिंगची सोय आतच दिलेली आहे. तिचं नाव जावा-युटिल-लॉगिंग. पोस्टग्रेचा ड्रायव्हर २०१७ सालच्या ४२.० आवृत्तीपासून तीच सोय वापरतो. किती बारीक लिहायचं याच्या पायऱ्या असतात. सर्वात वर सिव्हिअर, मग वॉर्निंग, इन्फो, कॉन्फिग, फाइन, फायनर आणि सर्वात खाली फाइनेस्ट. वरच्या पायरीवर फक्त मोठ्या चुका लिहिल्या जातात. फाइनेस्टवर सगळं, अगदी नको इतकं. आपण काही सांगितलं नाही तर इन्फोपर्यंतच लिहिलं जातं. म्हणून ड्रायव्हर एरवी गप्प असल्यासारखा वाटतो.

मी 'लॉगिंग डॉट प्रॉपर्टीज' नावाची फाईल तयार केली. मराठी विभागात रोमन अक्षर चालत नाही, म्हणून ओळी देवनागरीत देते. टाईप करताना अर्थातच इंग्रजीत, आणि कॅपिटल-स्मॉल जसंच्या तसं.

हँडलर्स = जावा.युटिल.लॉगिंग.फाईलहँडलर
.लेव्हल = वॉर्निंग
ओआरजी.पोस्टग्रेएसक्यूएल.लेव्हल = फाइनेस्ट
जावा.युटिल.लॉगिंग.फाईलहँडलर.लेव्हल = फाइनेस्ट
जावा.युटिल.लॉगिंग.फाईलहँडलर.पॅटर्न = डी:/मेस/नोंदी/ड्रायव्हर%जी.लॉग
जावा.युटिल.लॉगिंग.फाईलहँडलर.लिमिट = ५००००००
जावा.युटिल.लॉगिंग.फाईलहँडलर.काउंट = २०
जावा.युटिल.लॉगिंग.फाईलहँडलर.अपेंड = ट्रू
जावा.युटिल.लॉगिंग.फाईलहँडलर.एन्कोडिंग = यूटीएफ-८
जावा.युटिल.लॉगिंग.फाईलहँडलर.फॉर्मॅटर = जावा.युटिल.लॉगिंग.सिंपलफॉर्मॅटर

पहिली ओळ सांगते की लिहायचं ते फाईलमध्ये. दुसऱ्या ओळीतला टिंब म्हणजे सगळे. सगळ्यांसाठी वॉर्निंग, म्हणजे बाकीच्यांनी बडबड करू नये. तिसरी ओळ मुख्य आहे, फक्त पोस्टग्रेच्या ड्रायव्हरने सगळं बोलावं. चौथी ओळ पाहून माझ्या रूममेटने विचारलं की लेव्हल दोनदा कशाला? कारण दारं दोन आहेत. एका दारातून ड्रायव्हर बोलतो, दुसऱ्या दारातून ते बोलणं फाईलमध्ये उतरतं. दोन्ही उघडी हवीत. फाईलऐवजी स्क्रीनवर लॉग काढणारे इथेच अडकतात. स्क्रीनच्या हँडलरची लेव्हल मुळातच इन्फो असते, ते ड्रायव्हरला फाइनेस्ट देतात आणि स्क्रीनवर काहीच का येत नाही म्हणून डोकं धरून बसतात. लिमिट बाइट्समध्ये आहे. साधारण पाच एमबी झाले की नवी फाईल, अशा जास्तीत जास्त वीस, मग सर्वात जुनी पुसली जाते. शून्य नंबरची फाईल नेहमी ताजी असते. यूटीएफ-८ ची ओळ विसरलात तर मराठीत लिहिलेल्या कारणांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसू शकते. फॉर्मॅटर दिला नाही तर लॉग एक्सएमएलमध्ये येतो, आणि तो डोळ्यांनी वाचणं म्हणजे शिक्षा आहे.

मग प्रोग्रॅम ज्या बॅट फाईलने उघडतो तिच्यात जावाच्या पुढे जोडायचं: -डीजावा.युटिल.लॉगिंग.कॉन्फिग.फाईल=डी:/मेस/लॉगिंग.प्रॉपर्टीज

वाचायला हे पाच मिनिटांचं काम आहे. मला अख्खी संध्याकाळ लागली, आणि मॅडम शेजारी बसलेल्या! सगळ्यात आधी मी हा पत्ता ओळीच्या शेवटी जोडला, जार फाईलच्या नावानंतर. जावाला वाटलं ते प्रोग्रॅमसाठी आहे, त्याने ते प्रोग्रॅमला दिलं, आणि प्रोग्रॅमने ढुंकून पाहिलं नाही. हा भाग '-जार' च्या आधीच यायला हवा. मग लक्षात आलं की नोटपॅडने माझी फाईल 'लॉगिंग.प्रॉपर्टीज.टीएक्सटी' या नावाने सेव्ह केली होती, आणि विंडोजने शेवटचा टीएक्सटी लपवून ठेवला होता. ते सुधारलं तरी लॉग नाही. कारण 'नोंदी' हा फोल्डर मी केलाच नव्हता, आणि फाईलहँडलर फाईल तयार करतो, फोल्डर करत नाही. तसा एरर तो देतो, पण आमची बॅट फाईल प्रोग्रॅम 'जावा' ऐवजी 'जावा-डब्ल्यू' ने उघडायची, म्हणजे काळी खिडकीच येत नाही. एरर दिसणार कुठे? मी तात्पुरतं जावा-डब्ल्यूचं जावा केलं आणि तेव्हा कुठे कळायला लागलं. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं.

एक खोडी तर अशी, की ती मी कोणाला सांगणार नव्हते. पॅटर्नच्या ओळीत मी विंडोजच्या सवयीने उलटी तिरकी रेघ वापरली होती. प्रॉपर्टीज फाईलमध्ये उलट्या रेघेला वेगळा अर्थ असतो. तिच्यापुढे एन आला की ती नवी ओळ होते, टी आला की टॅब होतो, आणि ज्या अक्षराला असा खास अर्थ नाही तिथे रेघ गुपचूप गायब होते. माझा फोल्डर 'नोंदी', म्हणजे इंग्रजीत एनपासून सुरू. पत्त्याचे मधोमध दोन तुकडे! म्हणून विंडोजवरसुद्धा इथे सरळ तिरकी रेघ द्यायची, नाहीतर उलटी दोनदा.

साडेआठला फाईल तयार झाली. मॅडम जेवायच्या राहिल्या होत्या. काकांनी त्यांच्यासाठी भाकरी बाजूला काढून ठेवली होती, आणि आमच्यासाठीही, हे मी मुद्दाम लिहिते. कारण त्या दिवसांत काकांबद्दलही लोक काहीबाही बोलत होते.

आता लॉग वाचायचा कसा? प्रत्येक नोंद दोन ओळींत येते. पहिल्या ओळीत वेळ, दुसऱ्या ओळीत मजकूर. मजकुरात दोन खुणा शोधायच्या. 'एफई' आणि उजवीकडचा बाण म्हणजे फ्रंट एंड, आपल्याकडून गेलेलं पाकीट. डावीकडचा बाण आणि 'बीई' म्हणजे बॅक एंड, डाटाबेसकडून आलेलं उत्तर. गेलेल्यात 'पार्स' असेल तर त्यात एसक्यूएलचं वाक्य असतं, 'बाइंड' मध्ये त्या वाक्यात भरलेल्या किमती असतात, 'एक्झिक्यूट' म्हणजे कर. आलेल्यात 'कमांड स्टेटस' पाहायचं, म्हणजे डाटाबेसने खरोखर काय केलं. शेवटी 'रेडी फॉर क्वेरी' आणि कंसात एक अक्षर. आय म्हणजे निवांत, टी म्हणजे ट्रँझॅक्शन चालू, ई म्हणजे ट्रँझॅक्शन बिघडलं. त्या एका अक्षराने आमचं काम केलं.

दोन दिवस काहीच सापडलं नाही. खाडे येत होते, 'कमिट' जात होतं, 'कमिट' परत येत होतं. हॉस्टेलवर कुजबुज वाढली की लॉग-बिग सगळं नाटक आहे. शनिवारी संध्याकाळी सिव्हिलची एक मुलगी आली. तिने आधी १४ ते १६ असा खाडा टाकला होता, आता भावाच्या साखरपुड्यामुळे २० पर्यंत थांबायचं होतं. तिने १४ ते २० असं टाकलं. हिरवी अक्षरं आली. ती गेली. मी लॉग उघडला.

पहिलं पाकीट 'बिगिन'. उत्तर बिगिन, कंसात टी. मग १४ तारखेचा इन्सर्ट. उत्तर आलं एरर: ही किल्ली आधीच आहे. बरोबरच होतं, एका मुलीचा एका तारखेला एकच खाडा असावा म्हणून टेबलावर तशी अट होती. कंसातलं अक्षर टीचं ई झालं. मग १५ चा इन्सर्ट गेला. उत्तर: चालू ट्रँझॅक्शन रद्द झालं आहे, ते संपेपर्यंत कोणतीही आज्ञा ऐकली जाणार नाही. १६, १७, १८, १९, २०, प्रत्येकाला तेच उत्तर. आणि शेवटी आमच्या प्रोग्रॅमने पाठवलं, कमिट. डावीकडच्या बाणाने आलेलं उत्तर: कमांड स्टेटस, कंसात रोलबॅक.

कमिट मागितलं आणि रोलबॅक मिळालं! मी ती ओळ तीनदा वाचली. रूममेटला हाक मारली, ती आली नाही. ती तेव्हा मेसमध्ये येणंच टाळायची, डबा वर मागवायची. मीच जिना चढून गेले.

पोस्टग्रेचा हा नियमच आहे. ट्रँझॅक्शनमध्ये एक वाक्य चुकलं की पुढचं सगळं तो नाकारतो, आणि नंतर कमिट मागितलं तरी गुपचूप रोलबॅक करतो. त्याच्या दृष्टीने ते योग्य आहे, कारण ट्रँझॅक्शन म्हणजे सगळं किंवा काहीच नाही. चूक आमच्या प्रोग्रॅममध्ये होती. लिहिणाऱ्याने विचार केला होता की एखाद्या दिवसाचा खाडा आधीच असला तर तो सोडून पुढे जावं. म्हणून एरर पकडायच्या ठिकाणी, म्हणजे कॅच ब्लॉकमध्ये, त्याने काहीच लिहिलं नव्हतं. एरर आला की गिळायचा. प्रत्येक दिवसाचा एरर गिळला गेला, आणि शेवटी हिरवी अक्षरं.

मग कमिट केल्यावर तरी ड्रायव्हरने ओरडायला नको होतं का? हो, आणि आता तो ओरडतो. नव्या आवृत्त्यांमध्ये कमिटच्या बदल्यात रोलबॅक आलं तर ड्रायव्हर प्रोग्रॅमला एक्सेप्शन देतो. आमची जार होती ४२.२.५, २०१८ सालची, एका सीनियरच्या पेनड्राइव्हवरून दुसऱ्याच्या पेनड्राइव्हवर आलेली. त्या आवृत्तीत ड्रायव्हरला पलीकडचं उत्तर ऐकू येत होतं, वहीत तो ते लिहीतही होता, फक्त प्रोग्रॅमला सांगत नव्हता.

म्हणजे खाडे उडायचे ते फक्त अशाच मुलींचे, ज्यांनी आधी टाकलेल्या तारखा पुन्हा धरून मुक्काम वाढवला. ज्यांच्या घरी शेत आहे, ज्यांना सोंगणी संपेपर्यंत थांबावं लागलं, त्या मुली. आमच्या रूममध्ये चौघीही शहरातल्या, ठरलेल्या दिवशी जाणाऱ्या आणि ठरलेल्या दिवशी येणाऱ्या. आमचे खाडे बरोबर होते, त्याचं कारण एवढंच.

आमचे एक सर म्हणाले, "हे डाटाबेस सर्व्हरच्या लॉगमध्येही दिसलं असतं." बरोबर आहे. पोस्टग्रेचा सर्व्हर चुकलेलं वाक्य मुळातच आपल्या लॉगमध्ये लिहितो, आणि लॉग-स्टेटमेंट ही सेटिंग 'ऑल' केली तर सगळीच वाक्यं लिहितो. पण सर्व्हर दुसऱ्या बिल्डिंगमधल्या लॅबमध्ये, त्यावर आणखी दहा प्रोजेक्ट, आणि त्याची सेटिंग बदलायला अर्ज, सही, पुन्हा सही. आमच्या हातात मेसचा पीसी होता. ज्याच्या हातात जे टोक आहे तिथून बघायचं.

सोमवारी मी मॅडमना प्रिंट दाखवली. त्यांचा विषय कॉम्प्युटर नाही, तरी एफई आणि बीई त्यांना दोन मिनिटांत कळलं. "म्हणजे पोस्टाने पाठवलं, पण पोच खोटी," त्या म्हणाल्या. उडालेले खाडे डाटाबेसमधून परत काढता येणार नव्हते, कारण ते तिथे कधी पोचलेच नव्हते. म्हणून गेटवरचं बाहेर जाण्याचं रजिस्टर काढलं आणि अकरा जणींच्या तारखा ताडून पाहिल्या. दहा जणींचे पैसे पुढच्या बिलात वजा झाले. अकरावीने रजिस्टरमध्ये परत आल्याची सहीच केली नव्हती. तिचं भांडण अजून चालू आहे.

दुरुस्ती रूममेटनेच केली. इन्सर्टच्या शेवटी 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' जोडलं. २०१६ साली आलेल्या ९.५ आवृत्तीपासून पोस्टग्रेमध्ये ही सोय आहे, आधीच असलेली नोंद तो एरर न देता सोडून देतो. जार नवीन घातली. रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये लाल अक्षरांचा संदेश घातला. पासवर्ड तिला परत मिळाला. ज्यांनी ज्यांनी बोलून घेतलं होतं, त्यातल्या एकीने येऊन सॉरी म्हटलं. फर्स्ट इयरची ती मानोऱ्याची मुलगी. बाकीच्यांना बहुतेक वेळ मिळाला नसावा.

आता एक गोष्ट सांगायची, जिच्यामुळे मला दोन रात्री नीट झोप लागली नाही. मी वर लिहिलं की बाइंडच्या ओळीत भरलेल्या किमती असतात. म्हणजे हॉस्टेल नंबर, तारखा आणि खाड्याचं कारण. खाडे शोधता शोधता मी कोणाकोणाची कारणं वाचली. एकीने दवाखान्याचं कारण नावासकट लिहिलं होतं. ते तिने मेसच्या हिशेबासाठी लिहिलं होतं, माझ्यासाठी नाही. शिवाय कोणती मुलगी कोणत्या तारखांना हॉस्टेलवर नाही, हे त्या फाईलमध्ये सरळ वाचता येत होतं, आणि फाईल होती मेसच्या दाराजवळच्या पीसीवर, कोणीही उघडावी अशी. लॉग चालू करताना याचा विचार मी केलाच नव्हता. तुम्ही करा. फोल्डरला पासवर्ड असलेलं वेगळं युजर अकाउंट द्या, लिमिट आणि काउंट लहान ठेवा, आणि काम झालं की फाइनेस्टचं वॉर्निंग करून लॉग पुसून टाका. फाइनेस्टवर प्रोग्रॅम हळूही होतो, तो भाग वेगळा.

याच ड्रायव्हरची एक जुनी सोय याहून महागात पडली होती. पूर्वी प्रॉपर्टीज फाईलशिवायही, डाटाबेसच्या पत्त्यातच 'लॉगर-लेव्हल' आणि 'लॉगर-फाईल' लिहून लॉग चालू करता यायचा. सोपं होतं. पण एखाद्या वेबसाईटमध्ये तो पत्ता बाहेरच्या माणसाला भरता येत असेल, तर तो लॉग-फाईलचं नाव आपल्या मनाने देऊ शकतो, म्हणजे सर्व्हरवर हवी तिथे हवी ती फाईल लिहू शकतो. २०२२ साली हे भोक जाहीर झालं आणि ४२.३.३ आवृत्तीत बुजवलं गेलं. नव्या ड्रायव्हरमध्ये ते दोन शब्द लिहिले तरी तो दुर्लक्ष करतो. सीनियर्सच्या जुन्या नोट्समध्ये तीच पद्धत दिलेली आहे, म्हणून ती करून पाहाल आणि लॉग आला नाही तर नवल नको. प्रॉपर्टीज फाईलचाच रस्ता धरा.

दुसरा डाटाबेस असेल तर रस्ता थोडा बदलतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा जावा ड्रायव्हरही जावाचीच लॉगिंग वापरतो. फाईल हीच, फक्त ओआरजी.पोस्टग्रेएसक्यूएलच्या जागी कॉम.मायक्रोसॉफ्ट.एसक्यूएलसर्व्हर.जेडीबीसी. मायएसक्यूएलमध्ये डाटाबेसच्या पत्त्यात 'प्रोफाईल-एसक्यूएल = ट्रू' लिहितात. ओरॅकलच्या जुन्या ड्रायव्हरमध्ये लॉगसाठी नावात 'अंडरस्कोअर जी' असलेली वेगळी जार घ्यावी लागायची, तिथे साधी जार घालून लॉग शोधत बसू नका. आणि ओडीबीसीने जोडलं असेल तर लिनक्सवर 'ओडीबीसीइन्स्ट डॉट आयएनआय' या फाईलमध्ये 'ट्रेस = येस' आणि 'ट्रेसफाईल' पुढे फाईलचा पत्ता. विंडोजवर ओडीबीसीच्या खिडकीत ट्रेसिंगचा टॅबच आहे.

आमची प्रॉपर्टीज फाईल अजून मेसच्या पीसीवर आहे, तिसऱ्या ओळीत वॉर्निंग लिहून. नोंदींचा फोल्डर रिकामा आहे. तो मी मॅडमसमोर पुसला, आणि रिसायकल बिनसुद्धा. काकांनी मात्र दाराजवळ खिळ्याला दोरीने एक वही टांगून ठेवली आहे. खाडा पीसीवर टाकला की वहीतही सही करायची. कोणाला आवडो न आवडो, सध्या दोन्ही चालू आहे.